सामायिक दुर्बिणीवर वेळ मागताय? अर्ज नेमका कुठे अडकतो ते आधी वाचा

मोठी दुर्बीण एकट्या विद्यापीठाला झेपत नाही, म्हणून अनेक संस्था मिळून ती बांधतात, चालवतात आणि ज्याचा जितका वाटा तितका निरीक्षणाचा वेळ त्याला मिळतो. दक्षिण आफ्रिकेत सदरलँडला असलेली सॉल्ट ही दुर्बीण अशीच आहे, तिच्यात आपल्याकडून पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था भागीदार आहे.

वेळ दुर्बिणीकडे नाही, भागीदाराकडे मागायचा असतो. प्रत्येक भागीदाराची वेगळी कमिटी असते आणि ती फक्त स्वतःच्या वाट्यातलाच वेळ देऊ शकते. टीममध्ये दोन भागीदारांची माणसं असतील तर कोणाकडून किती वेळ हवा ते फॉर्ममध्ये तोडून लिहायचं, आणि एका कमिटीने दिला नि दुसरीने नाही असं झालं तर किमान किती वेळात काम भागेल तेही लिहा, कारण अर्धवट वेळ मिळून काहीच हाती न लागणं फार वाईट.

सॉल्टसाठी अर्ज करणाऱ्यांनी सगळ्यात आधी आपला तारा तिला दिसतो का ते बघा. तिचा आरसा 91 षट्कोनी तुकड्यांचा आहे आणि तो उभ्या रेषेपासून 37 अंशांवर कायम कललेला असतो, गोल फिरतो पण वरखाली होत नाही, आरशाच्या वर बसवलेला, प्रकाश टिपणारा ट्रॅकर तेवढा ताऱ्यामागे सरकतो. त्यामुळे साधारण +10 ते −75 अंश डेक्लिनेशनच्या (म्हणजे आकाशातल्या अक्षांशाच्या) बाहेरचं काही मिळत नाही आणि आतलंही ठरावीक वेळच दिसतं. देवयानी दीर्घिका +41 वर आहे, तिच्यासाठी विज्ञान कितीही चांगलं लिहा, उपयोग नाही.

कागदपत्रांत विज्ञानाचा भाग सगळे मनापासून लिहितात, पण एक्स्पोजरचं, म्हणजे किती वेळ प्रकाश गोळा करायचा याचं, गणित घाईत उरकतात. सिम्युलेटरमधून आलेला आकडा, त्यात दुर्बीण ताऱ्यावर लावायला जाणारा वेळ आणि चंद्रप्रकाश किती चालेल, हे तिन्ही पाहिजे. गरज नसताना अंधारी, म्हणजे बिनचंद्राची, रात्र मागू नका, तिला मागणी जास्त असते. काम पीएचडीचं असेल तर तसं स्पष्ट लिहा, आणि गाइडचं पत्र लागतं का ते आधीच विचारा कारण गाइड शेवटच्या दिवशी सापडत नाहीत.

तारखेचं सांगतो. सेमिस्टर, म्हणजे निरीक्षणाचं सहा महिन्यांचं सत्र, सुरू होतं ती अर्जाची तारीख नव्हे, अर्ज त्याच्या काही महिने आधीच बंद होतात. सूचनांमध्ये या दोन तारखा शेजारीशेजारी छापतात, मुलं गोंधळतात आणि सहा महिने जातात. जरा ठळक छापायला काय हरकत आहे?

वेळ मंजूर झाल्यावर दुसरा टप्पा असतो. त्यात फाइंडिंग चार्ट (आपला तारा आकाशात नेमका कुठे ते दाखवणारा नकाशा) आणि निरीक्षणाचा नेमका तपशील भरायचा. तो भरला नाही तर मंजूर वेळही निरीक्षणांच्या रांगेत लागत नाही.