करडई तेलाची कोलेस्टेरॉल-चाचणी

करडईच्या बियांचे तेल (हिंदीत कुसुम, शास्त्रीय नाव कार्थॅमस टिंक्टोरियस) खाण्यात आल्याने रक्तातील कोलेस्टेरॉल, मुख्यतः एलडीएल (रक्तवाहिन्यांत साचणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल), किती उतरते हे माणसांवर मोजण्याची पद्धत. नेहमीच्या करडई तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलेइक आम्ल (कोलेस्टेरॉल उतरवणारे असंपृक्त मेदाम्ल) असते आणि कोलेस्टेरॉल चढवणारा, तुपात भरपूर असलेला संपृक्त मेद दहा टक्क्यांच्या आत, म्हणून या चाचण्यांत ते पूर्वीपासून वापरले गेले.

उदाहरणाला इंदूर घेऊ. इंदूर आज सोयाबीनचे शहर आहे. राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र येथे १९८७ मध्ये सुरू झाले. करडईचा धागा त्याहून जुना. १९२४ मध्ये येथे वनस्पती उद्योग संस्था काढणारे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड ‘इंदूर पद्धती’च्या कंपोस्ट खतासाठी ओळखले जातात, पण त्याआधी बिहारात पुशाला असताना त्यांनी करडईच्या वाणांचाही अभ्यास केला होता.

तेल कशाच्या जागी आले, हा चाचणीतला कळीचा प्रश्न. इंदुरी मराठी घरात रविवारी दाल-बाफले होतात आणि बाफला (उकडून भाजलेला कणकेचा गोळा) तुपात बुडाल्याशिवाय पानात येत नाही. अशा घरात रोजचे सुमारे १७ ग्रॅम तूप काढून १५ ग्रॅम करडई तेल आणले, तर दोन हजार कॅलरींच्या आहारात अमेरिकी आहारशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांच्या (आहारातील मेदावरून कोलेस्टेरॉलचा बदल काढणाऱ्या) सूत्राप्रमाणे एकूण कोलेस्टेरॉल डेसिलिटरमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास उतरावे. तूप तसेच ठेवून तेवढेच तेल ‘औषध म्हणून’ वरून घेतले, तर हिशेबाने जेमतेम सहा-सात मिलिग्रॅम उतरते आणि १३५ कॅलरी वाढतात. सकाळी उपाशीपोटी चमचाभर तेल पिणाऱ्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही.

म्हणून तुलनेला दुसरे तेल लागते. दोन्ही तेले शुद्ध करून वास काढलेली, एकसारख्या डब्यांत. कोणाला कोणते मिळाले हे घरालाही ठाऊक नाही आणि रक्त तपासणाऱ्यालाही नाही. घाण्याचे तेल इथे चालत नाही, फोडणीच्या वासानेच गुपित फुटते. एकाच माणसाला आळीपाळीने दोन्ही तेले द्यायची असतील तर मध्ये काही आठवडे मोकळे सोडतात. प्रत्येक तेल निदान तीन-चार आठवडे चालावे लागते, कारण नवी पातळी स्थिरावायला तेवढा वेळ जातो. डब्यातले उरलेले तेल परत घेऊन तोलतात. खाल्ले की नाही याची खरी साक्ष मात्र रक्तातील मेदाम्लांचे प्रमाण देते.

रक्त ९ ते १२ तास उपाशी राहून द्यायचे, म्हणजे त्या दिवशी पोहे-जिलेबी उशिरा. एलडीएल बहुधा थेट मोजत नाहीत. १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातील मेदाचा) पाचवा भाग वजा करतात; ट्रायग्लिसराइड डेसिलिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर हे सूत्र वापरत नाहीत. खाण्यापिण्यात काहीही न बदलता एकाच माणसाचे एकूण कोलेस्टेरॉल सहा-सात टक्के इकडेतिकडे होते. त्यातून तेल बदलायची बुद्धी आकडा चढल्यावरच होते आणि चढलेला आकडा पुढच्या खेपेस पुष्कळदा आपणच थोडा उतरतो. शेजाऱ्यांचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष त्यामुळे फारसा टिकत नाही.

बाटलीवर नुसते ‘करडई’ लिहिलेले असणेही पुरेसे नाही. काही वाणांच्या तेलात लिनोलेइकऐवजी ओलेइक आम्ल (दुसरे एक असंपृक्त मेदाम्ल) जास्त असते आणि त्याचा परिणाम वेगळा असतो. शेव तळून पुन्हा कढईत घातलेले तेल तर वेगळेच. लिनोलेइक आम्ल उष्णतेने लवकर बिघडते.

आकडा उतरला म्हणजे हृदय वाचले असे मात्र नाही. सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात, नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा त्रास झालेल्या ४५८ पुरुषांपैकी एका गटाला संपृक्त मेदाऐवजी करडई तेल आणि त्याचेच मार्जरीन (तेलापासून केलेले लोण्यासारखे घट्ट मेद) दिले. कोलेस्टेरॉल उतरले, पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरविश्लेषणात त्या गटातील मृत्यू १७.६ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ११.८. मार्जरीनमधील ट्रान्स मेदाकडे (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक मेदाकडे) काही जण बोट दाखवतात. इतर अनेक चाचण्यांचा एकत्रित कल संपृक्त मेद कमी करण्याच्या बाजूचा आहे.