सेवा-अध्ययन भागीदारी (परिचर्या शिक्षण)

पदव्युत्तर परिचर्या (नर्सिंग) विद्यार्थी व रुग्णालय यांच्यातील ठरवून केलेली देवघेव. रुग्णालयाची गरज विद्यार्थी भागवतात आणि तेच काम अभ्यासक्रमात धरले जाते. वॉर्डातील नेहमीच्या पोस्टिंगमध्ये तास व प्रक्रिया मोजल्या जातात. येथे काम परिसेविका (वॉर्डच्या प्रमुख सिस्टर) आणि अधिसेविका (मेट्रन) सुचवतात व कामानंतरचे चिंतन लेखी घेतले जाते.

संज्ञेच्या उगमाबद्दल एकमत नाही. अमेरिकेत १९६६-६७ च्या सुमारास रॉबर्ट सिग्मन व विल्यम रॅम्से यांच्या कामातून ती रूढ झाली, असे सामान्यतः मानतात. काहीजण तिचा धागा अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या अनुभवाधिष्ठित शिक्षणविचारापर्यंत नेतात; त्यांना पूर्वसूरी म्हणावे, जनक नव्हे. सेवा कोणती हवी हे सेवा घेणाऱ्याने ठरवावे, हे सिग्मन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या तीन तत्त्वांपैकी पहिले. पोस्टिंगशी फरक पडतो तो इथेच. महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील (जन्म : कुंभोज, जि. कोल्हापूर, १८८७) यांच्या ‘कमवा आणि शिका’चा दाखला देण्याचा मोह होतो, पण तेथील श्रम विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शिक्षणखर्चासाठी होते. राष्ट्रीय सेवा योजना (१९६९) त्याहून जवळची. मात्र तिचे काम विषयाच्या अभ्यासाशी बांधलेले नसते.

कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालयात (बोलीत ‘सीपीआर’) कोकण व सीमाभागातूनही रुग्ण येतात. अशा रुग्णालयात सर्वाधिक वाव घरी सोडतानाच्या समुपदेशनाला आहे. मधुमेह्याच्या डिस्चार्ज कार्डावर ‘पथ्य पाळणे’ एवढेच असले, तर घरच्या बाईचे प्रश्न तसेच राहतात : भाकरी किती, भात किती, गुऱ्हाळ सुरू झाल्यावर काकवी चालेल का? विद्यार्थिनीने पत्रक करावे, सिस्टरने ते वॉर्डात वाचून दुरुस्त करावे, निपाणीकडच्या नातेवाइकासाठी कानडीतही काढावे, असे हे काम.

दुसरे क्षेत्र पुराचे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ व २०२१ मध्ये ती ओलांडून पाणी शहरात आले. प्रसूतीची तारीख जवळ आलेल्या स्त्रियांची व डायलिसिसवरील रुग्णांची गाववार यादी पावसाआधी करणे, वीज गेल्यावर इन्सुलिन ओल्या वाळूतल्या मडक्यात कसे ठेवावे हे दाखवणे, ही कामे सामुदायिक आरोग्य परिचर्येच्या विद्यार्थ्यांना साजेशी आहेत.

एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचे असते. तुकडी बाहेर पडली की यादी जुनी होते, म्हणून यादीची वही विद्यार्थ्याच्या प्रबंधात न जाता परिसेविकेच्या कपाटात राहील, हे करारातच लिहून घेतलेले बरे.