करयोग्य मूल्यावरील हरकत व अपील

करयोग्य मूल्यावरील हरकत व अपील : घर, दुकान किंवा मोकळ्या जमिनीवर मालमत्ता कर (बोलीत घरपट्टी) आकारताना स्थानिक संस्थेने धरलेले मूल्य अवाजवी वाटल्यास ते कमी करून घेण्याची कायदेशीर पद्धत. तिचे दोन टप्पे आहेत. हरकत आकारणी करणाऱ्या संस्थेकडेच नोंदवायची असते, तर अपील तिच्याबाहेरच्या न्यायासनापुढे चालते. वाद प्रामुख्याने मूल्याचा असतो. कराचा दर सभागृहाच्या ठरावाने ठरतो आणि एकट्या घरमालकाच्या हरकतीने तो बदलत नाही. ही नोंद मुख्यतः महाराष्ट्रातील पद्धतीविषयी आहे.

उगम : घरावरचा कर महाराष्ट्रात इंग्रजी अमलाआधीही होता, असे मानण्यास आधार आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘घरपट्टी’ हा शब्द आहे. दुकाने व धंदे यांवरील करांसाठी असलेला ‘मोहतर्फा’ हा शब्दही तेथे आढळतो. यावरून आजची घरपट्टी ही जुन्या पट्टीचीच पुढची पायरी होय, असे काही अभ्यासक मानतात. नावापुरते ते मान्य करता येईल. परंतु घराला भाडे किती येईल याचा अंदाज घेऊन त्याच्या प्रमाणात कर घ्यायचा आणि त्या अंदाजाविरुद्ध दाद मागू द्यायची, हे तत्त्व इंग्रजी कायद्यातून आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. इंग्लंडमध्ये 1601च्या गरीब-साहाय्य कायद्याने स्थानिक पट्टी सुरू झाली. घर वर्षानुवर्षाच्या बोलीने दिले तर वाजवीपणे जे भाडे अपेक्षिता येईल ते त्याचे वार्षिक मूल्य, ही व्याख्या 1836च्या कायद्याने पक्की केली. मुंबई, कलकत्ता व मद्रास या इलाखा शहरांत घरांवर पट्टी बसवण्याचा अधिकार ‘जस्टिस ऑफ द पीस’ या अधिकाऱ्यांना 1793च्या ब्रिटिश कायद्याने मिळाला. मुंबईत पुढे 1865, 1872 व 1888 असे नगरपालिका कायदे झाले. त्यांपैकी 1888चा कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. त्याच्या कलम 154मधील व्याख्या 1836च्या इंग्रजी व्याख्येशी जवळजवळ शब्दशः जुळते.

मूल्य ठरवण्याची रीत : भाड्यावर आधारित पद्धतीत, कलम 154प्रमाणे, अपेक्षित वार्षिक भाड्यातून दुरुस्ती वगैरेंसाठी सरसकट 10 टक्के वजा केले की करयोग्य मूल्य मिळते. एखाद्या घराचे भाडे दरमहा 2,000 रुपये धरले, तर वर्षाचे 24,000 होतात व करयोग्य मूल्य 21,600 रुपये येते. हरकतीनंतर हेच भाडे 1,500 रुपये ठरले, तर मूल्य 16,200 रुपयांवर उतरते. भाडे येथे कल्पित असते. मालक स्वतः राहत असला, घर कधीच भाड्याने दिलेले नसले, तरी ते धरावेच लागते. हरकतींचे मूळ बहुतेक वेळा याच कल्पनेत असते.

प्रमाणभाड्याचा वाद : कल्पित भाडे बाजारभावाने धरायचे की भाडेनियंत्रण कायद्याने घातलेल्या कमाल मर्यादेत, म्हणजे प्रमाणभाड्याने, हा या विषयातील सर्वांत दीर्घ वाद होय. मुंबईच्या 1947च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीला बांधली होती. त्यामुळे चाळीतल्या खोलीचे कायदेशीर भाडे व बाजारातील भाडे यांतले अंतर दरवर्षी वाढत गेले. कलकत्ता महापालिका विरुद्ध पद्मा देबी (1962) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कायद्याने ज्याहून अधिक भाडे घेताच येत नाही, त्याहून अधिक भाडे वाजवीपणे ‘अपेक्षिता’ येणार नाही. गुंटूरच्या करदात्यांच्या खटल्यात (1971), आणि पुढे दिवाण दौलतराय कपूर खटल्यात न्या. पी. एन. भगवती यांनी लिहिलेल्या निकालात, हे तत्त्व आणखी पुढे गेले : भाडे-न्यायालयाने प्रमाणभाडे प्रत्यक्ष ठरवलेले नसले, तरी आकारणी अधिकाऱ्याने कायद्यातील सूत्राने ते स्वतः काढून त्याच मर्यादेत राहावे. पालिकांच्या उत्पन्नाला यामुळे मोठा फटका बसला, अशी टीका झाली व ती निराधार नव्हती. तरीही लहान घरमालकाच्या हाती अपिलासाठी आलेला सर्वांत भक्कम मुद्दा हाच होता.

भांडवली मूल्य : भाड्याऐवजी मालमत्तेच्या किमतीवर कर बसवण्याचा प्रयत्न अहमदाबादमध्ये पूर्वी झाला होता. तेथील मोकळ्या जमिनींवरची अशी आकारणी सर्वोच्च न्यायालयाने पटेल गोर्धनदास हरगोविंददास खटल्यात (1963) रद्द केली. कायद्यातील ‘रेट’ या शब्दाला इंग्रजी इतिहासाने दिलेला अर्थ वार्षिक मूल्यावरील पट्टी असाच आहे, अशी त्यामागची भूमिका होती. त्यामुळे महाराष्ट्रात पद्धत बदलण्यासाठी कायद्यातच दुरुस्ती करावी लागली. मुंबईत 1 एप्रिल 2010पासून भांडवली मूल्याची पद्धत लागू झाली. मुद्रांक शुल्कासाठीच्या रेडी रेकनरमधील (सरकारी दरतक्त्यातील) दर, वापराचा प्रकार, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय, मजला व क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराने हे मूल्य काढतात. त्यासाठीच्या 2010 व 2015च्या नियमांपैकी नियम 20, 21 व 22 मुंबई उच्च न्यायालयाने 2019मध्ये रद्द केले. 7 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. जमिनीवर पुढे किती चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येईल ते ठरवणारा आकडा) वापरता येईल यावर आज कर लावता येत नाही, मालमत्तेची आजची स्थितीच विचारात घ्यावी, हा त्याचा गाभा.

हरकत व अपील यांची रीत : मुंबई कायद्याच्या कलम 162 ते 167मध्ये नोटीस, तक्रार, सुनावणी व आकारणी पुस्तकातील दुरुस्ती यांची तरतूद आहे. प्रथमच आकारणी झाली किंवा मूल्य वाढवले, तर मालकाला विशेष नोटीस मिळते. हरकतीची मुदत मोजक्या दिवसांची असते. कलम 217खालील अपील लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांपुढे चालते. इतर महापालिकांना लागू असलेल्या 1949च्या अधिनियमात कलम 406 हेच काम करते. मूल्याविरुद्ध अपील करायचे, तर आधी आयुक्तांकडे हरकत केलेली व तिचा निकाल लागलेला असावा लागतो. ही अट अनेकांना माहीत नसते. वाढीव बिल आल्यावरच जागे होणाऱ्या घरमालकाला त्यामुळे दार बंद झालेले आढळते, आणि ही त्या व्यवस्थेची खरी उणीव आहे. नोटीस हाती पडताच लेखी हरकत देऊन पोच घेणे म्हणूनच फार महत्त्वाचे ठरते. दुसरी अट मागणीची रक्कम आधी भरण्याची आहे. अपिलाचा हक्क कायद्यानेच दिलेला असल्याने कायदा त्यावर अट घालू शकतो, असे अनंत मिल्स विरुद्ध गुजरात राज्य (1975) या निकालात म्हटले आहे.

टिकणाऱ्या हरकती बहुधा साध्या असतात : क्षेत्रफळ चुकीचे मोजणे, राहत्या घराची नोंद दुकान म्हणून होणे, स्वतः राहत असताना भाडेकरू दाखवणे, इमारतीचे वय कमी धरणे, पाडलेल्या भागावर आकारणी चालू राहणे, त्याच इमारतीतील सारख्या सदनिकांना वेगळे मूल्य लावणे. मंजूर नकाशा, भाडेकरार, वीजबिल व शेजारच्या सदनिकेची आकारणी हे नेहमीचे पुरावे. कर परवडत नाही, ही तक्रार कितीही खरी असली तरी मूल्यावरील हरकत ठरत नाही.

सवलत ही निराळी बाब आहे. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना दिलेली करमाफी किंवा पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकांना 1970च्या ठरावाने मिळालेली व खंडानंतर 2023मध्ये पुन्हा लागू झालेली 40 टक्के सवलत, यांत मूल्याचा वाद नसतो. पुण्यात त्यासाठी पीटी-3 हा वेगळा अर्ज आहे.

नगरपरिषदांमध्ये 1965च्या अधिनियमानुसार सामान्यतः दर चार वर्षांनी फेरआकारणी होते व प्रारूप यादीवर हरकती मागवल्या जातात. ग्रामपंचायत क्षेत्रात घराची आकारणी नमुना 8मध्ये नोंदतात आणि तिच्याविरुद्धचे अपील पंचायत समितीकडे जाते.