ग्राहककर्ज, नादारी आणि माहितीसंरक्षण (युरोपीय संघ)

ग्राहककर्ज, नादारी आणि माहितीसंरक्षण : घरखर्चासाठी, वस्तू हप्त्याने घेण्यासाठी किंवा अडीनडीला माणूस जे कर्ज काढतो त्याची नोंद कोणी ठेवावी, किती काळ ठेवावी आणि त्या नोंदीवरून त्याची पत कोणी व कशी ठरवावी, यासंबंधीचे युरोपीय संघाचे कायदे आणि न्यायनिर्णय. कर्ज देण्याघेण्याचे नियम ग्राहककर्जाच्या निर्देशांत, म्हणजे संघाने घालून दिलेल्या आणि प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात उतरवायच्या नियमांत आहेत. नोंदी ठेवण्याचे नियम २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या सर्वसाधारण माहितीसंरक्षण विनियमात, म्हणजे जीडीपीआरमध्ये आहेत. कर्जातून सुटका कशी व्हावी हे मात्र बहुतांशी प्रत्येक देशाचा नादारी (दिवाळखोरी) कायदा ठरवतो. अभ्यासक हे तीन विषय वेगवेगळे शिकतात. कर्जदाराच्या दारात ते एकदमच येऊन उभे राहतात.

मराठीत ‘पत’ म्हणजे उधार मिळण्याची लायकी, आणि पत म्हणजे अब्रूही. या कायद्यांचा खरा विषय हाच आहे. कर्ज फिटते किंवा न्यायालय ते माफ करते, तरी त्याची आठवण कुणाच्या तरी दप्तरी राहते आणि पुढचे घर, पुढचा फोन, पुढचे कर्ज त्या आठवणीपाशी अडते.

‘विसरले जाण्याचा हक्क’ म्हणून जगभर गाजलेला निकालही मुळात एका थकबाकीतून निघाला, हे सहसा सांगितले जात नाही. १९९८ च्या जानेवारी आणि मार्च महिन्यात बार्सिलोनाच्या ला व्हँग्वार्दिया या दैनिकात एका गृहस्थाच्या मालमत्तेच्या लिलावाची छोटी जाहिरात छापून आली. सामाजिक सुरक्षेची देणी थकल्यामुळे जप्ती आली होती. लिलावाला जास्तीत जास्त बोली लावणारे यावेत म्हणून सरकारी आदेशानेच ती छापली होती. देणे मिटले, प्रकरण बंद झाले. पण वर्तमानपत्राने जुने अंक संगणकावर चढवले आणि बारा वर्षांनंतरही गूगलवर त्यांचे नाव टाकले की तीच जाहिरात वर येई. त्यांनी २०१० मध्ये स्पेनच्या माहितीसंरक्षण यंत्रणेकडे तक्रार केली. १३ मे २०१४ रोजी लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला, की नावाच्या शोधात येणारे असे दुवे काढून टाकण्याची मागणी माणसाला थेट शोधयंत्राकडे करता येते. माहिती खोटी नसली तरी काळ लोटल्यावर ती गैरलागू होऊ शकते, हे तत्त्व त्यातून रुजले. वर्तमानपत्रातील मूळ मजकुराला मात्र हात लागला नाही, आणि ते योग्यच झाले. इतिहासाचे कागद फाडून कुणाची अब्रू राखायची नसते.

कर्जाचा खरा विसर नादारीच्या कायद्यात असतो. युरोप खंडात सामान्य माणसाला कर्जमुक्तीची वाट आधी डेन्मार्कने १९८४ मध्ये खुली केली. फ्रान्सने ३१ डिसेंबर १९८९ च्या कायद्याने कर्जात बुडालेल्या कुटुंबांसाठी खास आयोग नेमले. जर्मनीत १९९९ पर्यंत कर्जबाजारी माणसाला उरलेल्या कर्जातून कायदेशीर सुटका नव्हती; न्यायालयाने मान्य केलेले देणे धनको तीस वर्षांपर्यंत वसूल करू शकत असे. १ जानेवारी १९९९ च्या नादारी संहितेने ही सुटका दिली, पण आधी सात वर्षे, पुढे सहा वर्षे पोटाला चिमटा काढून जगल्यावर. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या अर्जांना ती मुदत तीन वर्षांची झाली. दंडाची रक्कम किंवा मुद्दाम केलेल्या नुकसानीची भरपाई यातून सुटत नाही. आयर्लंडमध्ये बारा वर्षांची मुदत २०१३ मध्ये तीनवर आणि २०१६ मध्ये एका वर्षावर आली. संघाच्या २०१९ च्या निर्देशाने उद्योजकांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची मर्यादा सक्तीची केली. साध्या ग्राहकांसाठी मात्र ती केवळ शिफारस राहिली. हा भेद मला पटत नाही. दुकान बुडाले म्हणून झालेले कर्ज आणि नोकरी गेली म्हणून झालेले कर्ज, दोन्ही घरांत चूल सारखीच थंड असते.

सुटका मिळाल्यावर काय होते, हे जर्मनीतील ‘शूफा’ या संस्थेच्या खटल्यांत स्पष्ट दिसते. शूफाचा जन्म १९२७ मध्ये बर्लिनमध्ये झाला. तिथली वीज कंपनी ग्राहकांना विजेची उपकरणे हप्त्याने देत असे, आणि विजेचे बिल कोण वेळेवर भरतो हे तिला आधीच ठाऊक असे. बिल भरण्याची सवय पाहून उधार द्यायची, हा साधा व्यवहार होता. त्यातून लोकांच्या पतविषयक नोंदी गोळा करून पुरवण्याचा स्वतंत्र धंदा उभा राहिला. आज तिच्याकडे सुमारे ६.८ कोटी लोकांच्या नोंदी आहेत. बँका, मोबाइल कंपन्या, ऑनलाइन दुकाने तिला माहिती देतात आणि तिच्याकडून घेतातही. तिचे मुख्यालय हेसेन प्रांताची राजधानी वीसबाडेन येथे आहे. जगातला पहिला माहितीसंरक्षण कायदा १९७० मध्ये ज्या प्रांताने केला तो हाच, आणि शूफाविरुद्धचे प्रश्न लक्झेंबर्गला पाठवणारे प्रशासकीय न्यायालयही याच शहरातले.

डिसेंबर २०२० आणि मार्च २०२१ मध्ये दोन व्यक्तींना जर्मन न्यायालयांनी उरलेल्या कर्जातून मुक्त केले. अशा आदेशाची नोंद सरकारी संकेतस्थळावर जाहीर होते आणि सहा महिन्यांनी पुसली जाते. शूफाने ती तिथून उचलली आणि आपल्या धंद्याच्या आचारसंहितेप्रमाणे तीन वर्षे ठेवायचे ठरवले. म्हणजे ‘हा माणूस कर्जातून सुटला’ ही बातमीच त्याला पुन्हा अडकवणारी बेडी झाली. ७ डिसेंबर २०२३ च्या निकालात लक्झेंबर्गच्या न्यायालयाने सांगितले, की कर्जमुक्तीचा हेतू माणसाला पुन्हा व्यवहारात उभे करणे हा असतो. सरकार स्वतःची नोंद सहा महिन्यांनी पुसत असेल तर खाजगी संस्थेला ती त्याहून जास्त काळ ठेवता येणार नाही, आणि ठेवली तर ती पुसून घेण्याचा हक्क त्या व्यक्तीला आहे. निकालाचा वारा ओळखून शूफाने मार्च २०२३ मध्येच ही मुदत आपणहून सहा महिन्यांवर आणली होती. याच निकालात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे : माहितीसंरक्षण अधिकाऱ्याने तक्रार फेटाळली तर न्यायालय त्याच्या निर्णयाची पूर्ण तपासणी करू शकते. तक्रार म्हणजे नुसता विनंतीअर्ज आणि अधिकाऱ्याने पोच दिली की झाले, हे म्हणणे त्यामुळे मागे पडले.

त्याच दिवशी दिलेला दुसरा निकाल पतगुणांकाबद्दल होता. भारतात ज्याला आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो त्यासारखाच हा आकडा : माणूस हप्ते फेडील याची शक्यता, त्याच्यासारख्या इतरांच्या वागण्यावरून गणिताने काढलेली. एका महिलेला कर्ज नाकारले गेले, तेव्हा तिने शूफाकडे आकडा कसा काढला ते विचारले. शूफाने ढोबळ पद्धत सांगितली; कोणत्या बाबीला किती वजन दिले ते व्यापारी गुपित म्हणून सांगितले नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २८ जानेवारी २०१४ रोजी शूफाचे सूत्र गुपित राहू शकते असे म्हटले होतेच. शूफाचा दुसरा बचाव असा, की आम्ही फक्त आकडा देतो, कर्ज नाकारते ती बँक. बँक म्हणणार, आकडा कसा निघाला ते आम्हाला कुठे ठाऊक. या टोलवाटोलवीत कर्जदाराला उत्तर देणारे कुणीच उरत नाही. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने नेमकी ही फट ओळखली. जीडीपीआरच्या कलम २२ नुसार ज्या निर्णयाचा माणसावर मोठा परिणाम होतो तो केवळ यंत्राने घेऊ नये असा हक्क आहे. आकड्यावर पुढचा व्यवहार मोठ्या प्रमाणात अवलंबून असेल, तर आकडा काढणे हाच ‘निर्णय’ ठरतो, असा अर्थ न्यायालयाने लावला. असा निर्णय करार करण्यासाठी आवश्यक असेल, कायद्याने परवानगी दिली असेल किंवा व्यक्तीने स्पष्ट संमती दिली असेल तरच चालतो. त्यासाठीही संरक्षणाची पुरेशी तरतूद लागते, म्हणजे माणसाकडून फेरविचार करून घेण्याची आणि आपली बाजू मांडण्याची सोय.

गुपिताचा प्रश्न ऑस्ट्रियातल्या एका क्षुल्लक वाटणाऱ्या प्रकरणातून सुटला. महिना दहा युरोंचा मोबाइल करार एका व्यक्तीला नाकारला गेला, कारण यंत्राने काढलेल्या अंदाजाप्रमाणे तिची पत पुरेशी नव्हती. दहा युरो! २७ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात लक्झेंबर्गच्या न्यायालयाने म्हटले, की आपली कोणती माहिती कशी वापरली गेली आणि त्यातून हा निष्कर्ष कसा निघाला, हे व्यक्तीला समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे. नुसते गणिती सूत्र हातावर ठेवणे म्हणजे खुलासा नव्हे. माहिती वेगळी असती तर निष्कर्ष किती बदलला असता हे सांगणे पुरेसे ठरू शकते. कंपनीला एखादी गोष्ट गुपित वाटत असेल तर ती तिने अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायालयापुढे ठेवावी. कोणते पारडे जड हे तिथे ठरेल, कंपनीच्या कचेरीत नव्हे.

सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवायची की फक्त थकवणाऱ्यांची, यावर युरोपात एकमत नाही. बेल्जियमच्या राष्ट्रीय बँकेत २००३ पासून प्रत्येक ग्राहककर्जाची नोंद होते, मग हप्ते वेळेवर जात असोत वा नसोत. शेजारच्या फ्रान्समध्ये मध्यवर्ती बँकेची वही फक्त थकबाकीदारांची आहे : थकलेला हप्ता जास्तीत जास्त पाच वर्षे आणि कर्जफेडीची आखून दिलेली योजना सात वर्षे तिच्यात राहते. २०१४ मध्ये तिथल्या संसदेने सर्व कर्जांची वही आणण्याचे ठरवले. कायदा घटनेत बसतो की नाही हे पाहणाऱ्या घटना परिषदेने मार्च महिन्यात ती तरतूद रद्द केली. कर्जबाजारीपणा रोखणे हा हेतू चांगला असला तरी १ कोटी २० लाखांहून जास्त लोकांची खाजगी माहिती, तीही पुरेशा संरक्षणाशिवाय, एका ठिकाणी साठवणे त्या हेतूच्या प्रमाणाबाहेरचे आहे, असे परिषदेने म्हटले. स्पेनच्या २०१८ च्या कायद्यात पन्नास युरोंहून लहान मुद्दलाची थकबाकी अशा वहीत घालायचीच नाही असा नियम आहे. विसरलेल्या एका फोनबिलापायी घरकर्ज अडू नये, एवढा साधा शहाणपणा त्यात आहे.

पत तपासणे हे मुळात कर्जदाराच्या भल्यासाठीही असते, हे विसरून चालणार नाही. २००८ च्या ग्राहककर्ज निर्देशाने (२०० ते ७५,००० युरोंच्या कर्जांसाठी) करारापूर्वी पत तपासण्याचे बंधन धनकोवर घातले, ग्राहकाला चौदा दिवसांत करारातून माघार घेण्याचा हक्क दिला आणि नोंदवही पाहून कर्ज नाकारले तर ती वही कोणती ते विनामूल्य व ताबडतोब सांगण्याची सक्ती केली. तपासणी खरोखर झाली हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर आहे, असे लक्झेंबर्गच्या न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी ठरवले. ग्राहक न्यायालयात काही बोलला नाही तरी न्यायाधीशाने हे आपणहून तपासावे, असे ५ मार्च २०२० च्या निकालात म्हटले आहे. वसुलीच्या दाव्यात कर्जदार बहुधा हजरच राहत नाही, त्यामुळे या दुसऱ्या निकालाचे मोल मोठे आहे.

२०२३ च्या नव्या निर्देशाच्या तरतुदी २० नोव्हेंबर २०२६ पासून लागू करायच्या आहेत. वरची मर्यादा एक लाख युरो झाली, खालची गेली. ‘आता घ्या, नंतर पैसे द्या’ या प्रकारची उधारीही बहुतांशी त्यात आली. पत ठरवताना उत्पन्न आणि खर्चाची गरजेपुरती माहिती घ्यावी. आरोग्य, धर्म, राजकीय मते यांसारखी नाजूक माहिती आणि समाजमाध्यमांवरचा मजकूर वापरू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पत यंत्राने ठरवली असेल तर माणसाशी बोलण्याचा हक्क, आणि अडचणीत आलेल्यांना कर्जसल्ला मिळण्याची सोयही आहे. कर्करोगातून बऱ्या झालेल्यांसाठी एक तरतूद मनाला भिडते : उपचार संपल्यावर देशाने ठरवलेली मुदत, जास्तीत जास्त पंधरा वर्षे, लोटली की कर्जाला जोडलेल्या विम्यासाठी तो आजार विचारात घेता येणार नाही. २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यानेही व्यक्तींची पत ठरवणाऱ्या प्रणाली जास्त जोखमीच्या गटात टाकल्या आहेत.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनीत गेलेल्या मराठी मंडळींची शूफाशी गाठ बहुधा भाड्याचे घर शोधताना पडते. घरमालक पत चांगली असल्याचा दाखला मागतो, आणि नव्याने आलेल्याच्या नावावर तिथे काहीच नोंद नसते. भारतातले वक्तशीर हप्ते त्या वहीत दिसत नाहीत. दाखल्याचे दोन प्रकार आहेत. पैसे भरून मिळतो तो घरमालकाला दाखवण्यासाठी केलेला, त्यात मोजकीच माहिती असते. जीडीपीआरच्या कलम १५ खाली विनामूल्य मिळते ती आपल्या सगळ्या नोंदींची प्रत. अर्ज केल्यापासून साधारणपणे महिन्याभरात ती द्यावी लागते. तिच्यात बँकखाती, कार्डे, करार, आपली चौकशी कोणी कोणी केली, हे सगळे असते. ही दुसरी प्रत स्वतःसाठी मागवावी, ओळ न् ओळ वाचावी, चुकीची नोंद दिसली तर कलम १६ प्रमाणे दुरुस्त आणि बेकायदा ठेवलेली दिसली तर कलम १७ प्रमाणे पुसून घ्यावी. घरमालकाच्या हाती ती जशीच्या तशी देऊ नये.