भोपळ्याचा देठ सांभाळा

लाल भोपळा वेलीवरून तोडला तरी मरत नाही. त्याच्या पेशी श्वास घेत राहतात, साठवलेला स्टार्च हळूहळू वापरतात, अंगावरच्या जखमा बुजवतात. पालेभाजीही तोडल्यावर जिवंतच असते, पण दिवसभरात माना टाकते. भोपळा नीट पिकवून नीट ठेवला तर दोन-तीन महिने सहज टिकतो, तेही विजेशिवाय. ऐन उन्हाळ्यात विहिरी आटतात आणि भाजी महागते, अशा मराठवाड्यात या फळाची एवढी उपेक्षा व्हावी याचं मला वाईट वाटतं.

मूळचा तो अमेरिका खंडातला. त्याच्याच गोतातल्या एका जातीची लागवड मेक्सिकोत सुमारे १०,००० वर्षांपूर्वी होत होती. त्याच जातीतून आजची काकडीसारखी दिसणारी झुकिनी आणि इंग्लंडमधला मॅरो हा लांबट भोपळा आले. आपल्या दुधीचं मूळ मात्र आफ्रिकेत.

आपल्याकडे पावसाच्या सुरुवातीला बांधावर किंवा उकिरड्याच्या कडेला आळं करून, शेणखत घालून बी टोकलं की वेल फारसं काही मागत नाही. रोप दोन पानांचं असताना तांबडे भुंगे पानांची चाळण करतात, तेवढे दिवस रोज सकाळी बघावं लागतं. नंतरची तक्रार ठरलेली असते: फुलं भरपूर, फळ एकही नाही. भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात आणि नर फुलं आधी येतात. मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा आधीपासूनच असतो. उष्णता फार असली की नर फुलांचं प्रमाण वाढतं.

फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. परागकण मोठे आणि चिकट असतात. वाऱ्यावर ते जात नाहीत, मधमाशीच लागते. म्हणून सकाळी फवारणी करणं म्हणजे आपल्याच हाताने फळं घालवणं. फवारायचंच असेल तर संध्याकाळी, फुलं मिटल्यावर. माश्या दिसत नसतील तर सकाळी नर फूल खुडून त्याचे पराग मादी फुलाच्या मध्यभागी टेकवले तरी फळ धरतं.

फळ धरल्यापासून साधारण दीड महिन्याने ते पक्व होतं. नख रुतत नाही, साल निबर होते, देठ वाळून लाकडासारखा टणक होतो. बाजारात भाव आहे म्हणून त्याआधीच तोडलेला भोपळा पंधरवड्यातच खराब होऊ लागला तर नवल नाही, कारण त्याच्या सालीवरचं मेणाचं आवरण पुरतं तयार झालेलं नसतं. पाणी आत धरून ठेवायचं आणि बुरशी बाहेर ठेवायची, ही दोन्ही कामं सालीकडे असतात.

सालीतली सगळ्यात नाजूक जागा देठाची. देठ मुळापासून निघाला तर तिथे उघडी जखम राहते आणि सड तिथूनच सुरू होते. म्हणून देठाचा चार बोटं तुकडा ठेवून विळ्याने कापावं, आणि भोपळा देठाला धरून कधीही उचलू नये. तोडल्यावर आठ-दहा दिवस तो उबदार, कोरड्या, हवेशीर जागी ठेवला, की बारीकसारीक ओरखड्यांवर खपली धरते. तिथल्या पेशींच्या भिंतींत पाणी अडवणारे पदार्थ साचतात. धुऊन ठेवू नये. एकावर एक रचू नये. खाली पाचट किंवा गोणपाट अंथरावं आणि अधूनमधून फळ फिरवावं.

साठवणीला १० ते १३ अंश तापमान उत्तम. फ्रीज त्याहून थंड असतो आणि अख्खा भोपळा त्यात बरेच दिवस राहिला तर आतून खराब होतो. उलट, तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग दुपटीच्या आसपास जातो. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास उतरवलेला भोपळा हिवाळाभर छान राहतो, पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत ठेवलेला लवकर जातो. जाड मातीच्या भिंतींचं घर असेल तर त्यातला काळोखा कोपरा सगळ्यात चांगला.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत स्टार्चची साखर होते, म्हणून महिनाभर ठेवलेला भोपळा ताज्यापेक्षा गोड लागतो. घारग्यांसाठी असाच घ्यावा, गूळ कमी लागतो. फार जुना झाला की साखरही खर्ची पडते आणि गर तंतुमय होतो.

त्याच्या केशरी रंगातलं बीटा कॅरोटीन शरीरात अ जीवनसत्त्व बनतं, पण ते तेला-तुपातच विरघळतं. मेथीदाण्याची फोडणी आणि शेंगदाण्याचा कूट घातलेली भाजी किंवा तेलात तळलेले घारगे, दोन्हींत ते अंगी लागतं. नुसत्या उकडलेल्या फोडींत तेवढं लागत नाही. लहान मुलांना मऊ शिजवून, वर चमचाभर तूप घालून द्यावा.

एक सावधगिरी मात्र पाळायलाच हवी. भोपळा, दुधी, काकडी, झुकिनी यांपैकी काहीही कडू लागलं तर लगेच थुंकून टाकावं आणि अख्खं फळ फेकून द्यावं. हा कडूपणा ककुर्बिटासिन या विषारी द्रव्यांचा असतो आणि शिजवून तो जात नाही. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. पाण्याचा ताण पडलेल्या वेलांवर हा धोका वाढतो, म्हणून दुष्काळी वर्षात चिरताना कच्चा तुकडा जिभेच्या टोकाला लावून बघावा.

बिया फेकू नयेत. त्यांत सुमारे ३० टक्के प्रथिनं असतात, भाजून मीठ लावून मुलं आवडीने खातात. पेरणीसाठी ठेवायच्या तर पूर्ण पिकलेल्या, गोड भोपळ्याच्या घ्याव्यात, धुऊन सावलीत वाळवाव्यात आणि कोरड्या डब्यात ठेवाव्यात. शेजारच्या शेतात दुसऱ्या वाणाचा भोपळा असेल तर माश्या पराग मिसळतात आणि पुढच्या पिढीचं फळ वेगळं निघू शकतं. तसं होऊ नये म्हणून एखादं मादी फूल आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधून, सकाळी आपल्याच वाणाच्या नर फुलाने फळवून पुन्हा बांधावं आणि त्या फळाला खुणेची चिंधी लावावी. नर फूलही आदल्या संध्याकाळीच बांधून ठेवलेलं असावं.