वंशसंहाराचा गुन्हा आणि आपला कायदा

गाझात वंशसंहार, म्हणजे एखादा समूहच नष्ट करण्याच्या हेतूने केलेली हिंसा, होत असल्याच्या आरोपावरच्या दक्षिण आफ्रिका विरुद्ध इस्रायल खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 26 जानेवारी 2024 रोजी अंतरिम आदेश दिले, तेव्हा तिथले भारतीय न्यायाधीश दलवीर भंडारी बहुमताच्या बाजूने होते. एके काळी ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. या खुर्चीचं या विषयाशी नातं मात्र त्याहून जुनं. 1946 साली विजयालक्ष्मी पंडितांच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रांत गेलेल्या शिष्टमंडळात मुंबईचे एम. सी. छागला होते. पुढच्याच वर्षी ते मुख्य न्यायाधीश झाले. त्याच अधिवेशनात क्यूबा, पनामा आणि भारताने वंशसंहाराचा विषय आमसभेपुढे मांडला, आणि 11 डिसेंबरला तसा ठराव झाला. तेव्हा आपण स्वतंत्रसुद्धा नव्हतो.

9 डिसेंबर 1948 चा वंशसंहारविरोधी करार त्यातूनच आला. वंशसंहार झाल्यावर शिक्षा करणं आणि होण्याआधी तो रोखणं, अशी दोन्ही कर्तव्यं त्यात आहेत. भारताने 1959 मध्ये करार कायम केला, पण एक अट घालून: करारावरून वाद झाला तर संबंधित सगळ्या देशांची संमती असल्याशिवाय तो हेगला नेता येणार नाही. त्या वेळी ही वकिली सावधगिरी वाटली असेल. चौदा वर्षांनी तीच कामाला आली.

25 मार्च 1971 च्या रात्री ढाक्यात लष्करी कारवाई सुरू झाली आणि वर्षअखेरीपर्यंत जवळपास एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेपासून इतक्या लांब असलेल्या मुंबईतही नोव्हेंबरपासून पत्रावर पाच पैशांचं निर्वासित मदतीचं जादा तिकीट चिकटवावं लागे. डिसेंबरात युद्ध पेटलं. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरून भारताला वाचवलं. आमसभेने मात्र 7 डिसेंबरला 104 विरुद्ध 11 मतांनी युद्धबंदीची मागणी केली, आणि आपण त्या अकरांत होतो. कत्तल थांबवण्यासाठी सैन्य पाठवणं योग्य की अयोग्य, याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणून अभ्यासक आजही 1971 कडे बोट दाखवतात. गंमत अशी की भारताने कायद्याचा मुख्य आधार घेतला तो स्वसंरक्षणाचा.

पुढचा अंक फारसा कुणाला आठवत नाही. 195 पाकिस्तानी युद्धकैद्यांवर बांगलादेश वंशसंहाराचा खटला चालवणार होता आणि ते कैदी भारताच्या ताब्यात होते. मे 1973 मध्ये पाकिस्तान याच कराराचा आधार घेऊन भारताविरुद्ध हेगला गेला. भारताने 1959 ची अट पुढे केली आणि हे प्रकरण न्यायालयाच्या अधिकारात येत नाही असं कळवलं. वाटाघाटी सुरू झाल्यावर डिसेंबरात पाकिस्ताननेच अर्ज मागे घेतला. 1974 च्या दिल्ली करारानंतर ते 195 जण खटल्याविना मायदेशी गेले. बांगलादेशने 1973 मध्येच अशा गुन्ह्यांसाठी आपला स्वतंत्र कायदा करून ठेवला होता. आपण केला नाही.

रवांडात 1994 साली सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. कत्तल सुरू असतानाच सुरक्षा परिषदेने तिथली शांतिसेना 270 वर आणली. पुढच्या वर्षी बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात हजारो मुस्लिमांची कत्तल झाली. या नामुष्कीतून कॅनडाने नेमलेल्या आयोगाने 2001 मध्ये 'संरक्षणाची जबाबदारी' ही कल्पना मांडली, आणि 2005 च्या जागतिक शिखर परिषदेने ती मान्य केली. प्रत्येक सरकारने आपल्या लोकांना वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक निर्मूलन आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांपासून वाचवायचं. ते उघड उघड अपयशी ठरलं, तर सुरक्षा परिषदेमार्फत इतरांनी पाऊल उचलायचं. हा करार नव्हे, राजकीय वचन आहे. भारताला त्याचा दुसरा भाग कधीच रुचला नाही. 2011 मध्ये लिबियावरच्या ठरावाच्या वेळी भारत तटस्थ राहिला, आणि नागरिकांच्या रक्षणासाठी बळ वापरायला दिलेल्या परवानगीवर गद्दाफींची सत्ताच गेली तेव्हा दिल्लीची शंका अधिकच पक्की झाली. ती शंका मला रास्त वाटते.

पण पहिला भाग तर आपल्याच घरचा आहे. त्यासाठी कुणाचं विमान यावं लागत नाही. 1992-93 च्या दंगलीत मुंबईत 900 माणसं गेली. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल 1998 मध्ये आला. खटले चालले ते खून, जाळपोळ, दंगल अशा सुट्या कलमांखाली, कारण समूहावरच्या हल्ल्याला समूहावरचा हल्ला म्हणणारं कलमच नव्हतं. 17 डिसेंबर 2018 रोजी 1984 च्या शीखविरोधी हिंसाचारातल्या एका खटल्याचा निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने मुंबई, गुजरात, कंधमाळ आणि मुझफ्फरनगर यांची नावं घेतली. वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे भारतीय कायद्यात नाहीत, ही उणीव तातडीने भरून काढावी, असंही बजावलं.

भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 ला लागू झाली. जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी तिच्यात स्वतंत्र तरतूद आहे. संघटित गुन्हेगारी आणि दहशतवादही आले. म्हणजे नवे गुन्हे लिहायला हात आखडता घेतलेला नाही. वंशसंहार तेवढा बाहेर राहिला. कराराचं पाचवं कलम मात्र प्रत्येक देशाने आवश्यक तो कायदा करावा असं सांगतं. आता मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांवरच्या नव्या करारासाठी संयुक्त राष्ट्रांनी 2028 आणि 2029 मध्ये परिषद ठरवली आहे, आणि हाच प्रश्न तिथे भारतापुढे पुन्हा येणार आहे.