पादचारी व सायकल सुधारणा (उपनगरी रस्ते)

शहराच्या कडेने वाढलेल्या वस्त्यांना जोडणारे रुंद, वेगवान रस्ते पायी चालणाऱ्यांना व सायकलस्वारांना निर्धोकपणे वापरता यावेत, यासाठी केलेले नियोजन. असे बरेच रस्ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोटारीचा वेग गृहीत धरून आखले गेले. त्यांवर दोन सिग्नलांमधले अंतर मोठे, पदपथ तुटक आणि दुकाने वाहनतळांच्या मागे असतात. पदपथ सलग करणे, चौकात उतार देणे व दिवे लावणे या कामांबाबत फारसा मतभेद नाही.

स्वतंत्र सायकलमार्गाचा आरंभ कोठे झाला, यावर मात्र एकमत नाही. नेदरलँड्समधील उत्रेख्त येथील मालीबान रस्त्यालगतचा १८८५ चा मार्ग त्या देशातील पहिला समजला जातो. अमेरिकेत हा मान बहुधा ब्रुकलिनमधील ओशन पार्कवेवरच्या १८९४ च्या मार्गाला दिला जातो. हा दुसरा मार्ग उद्यानाला समुद्रकिनाऱ्याशी जोडत होता, म्हणजे मुख्यतः सहलीचा होता. रोजच्या कामासाठी सायकलींचे जाळे ही कल्पना त्यानंतरची धरणे अधिक सयुक्तिक दिसते. इंग्लंडमधील स्टीव्हनेज या नव्या नगरात १९५० च्या दशकापासून एरिक क्लॅक्स्टन यांनी भुयारी मार्गांसह असे जाळे उभारले. मोटार चालवणेही तिथे तितकेच सोपे राहिल्याने सायकलींचा वापर अपेक्षेइतका वाढला नाही.

सर्वांत मोठा वाद रस्ता ओलांडण्याच्या पट्ट्यांविषयी आहे. सॅन दिएगो येथील पाहणीवरून ब्रूस हर्म्स यांनी १९७२ मध्ये मांडले, की सिग्नल नसलेल्या चौकांत पट्टे आखलेल्या जागी पादचारी अपघातांचे प्रमाण, वापर लक्षात घेऊनही, न आखलेल्या जागांच्या सुमारे दुप्पट होते. पट्ट्यांमुळे माणूस गाफील होतो, असा अर्थ त्यातून अनेकांनी काढला आणि पट्टे पुसण्याचे समर्थनही झाले. चार्ल्स झिगर व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ३० शहरांमधल्या पट्टे असलेल्या व नसलेल्या प्रत्येकी १,००० जागांची तुलना केली (अहवाल २००५). दोन मार्गिकांच्या रस्त्यांवर फरक आढळला नाही. उंच दुभाजक नसलेल्या, दिवसाला १२,००० हून अधिक वाहने असलेल्या बहुमार्गिका रस्त्यांवर मात्र नुसते पट्टे असलेल्या जागी अपघातदर जास्त निघाला. पादचाऱ्यांच्या वर्तनाच्या पाहण्यांनी गाफीलपणाच्या तर्काला पाठबळ दिलेले नाही. त्यामुळे दोष रस्त्याच्या रचनेत शोधणे अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या मार्गिकेतील वाहन थांबते, त्याच्या आडोशामुळे शेजारच्या मार्गिकेतील चालकाला पादचारी दिसत नाही, आणि नेमका तिथेच घात होतो. पट्टे पुसल्याने हा आडोसा जात नाही. पट्ट्यांना दुभाजकातल्या थांब्याची, कमी वेगाची किंवा सिग्नलची जोड लागते.

मार्गिका कमी करणे हा दुसरा उपाय. चार मार्गिकांऐवजी येण्याजाण्याची एकेक आणि मधली वळणासाठी, अशा तीन ठेवल्या की उरलेल्या रुंदीत सायकलपट्टा बसतो. मोंटाना राज्यातील बिलिंग्ज येथील १९७९ चे काम या प्रकारच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक मानतात. अमेरिकी महामार्ग प्रशासनाच्या मते यामुळे एकूण अपघात १९ ते ४७ टक्क्यांनी घटतात. दिवसाला सुमारे २०,००० वाहनांपर्यंत हा बदल सहसा सुचवला जातो.

उपनगरी रस्त्याला घरांची व दुकानांची फाटके वरचेवर मिळतात. एकाच बाजूला दुहेरी सायकलमार्ग केल्यास फाटकातून निघणारा चालक येणाऱ्या मोटारींकडेच पाहतो आणि उलट दिशेने येणारा सायकलस्वार त्याच्या नजरेतून सुटतो. म्हणून अशा ठिकाणी दोन्ही बाजूंना एकेरी मार्ग श्रेयस्कर ठरतात.

सिग्नलची वेळ चालण्याच्या वेगावरून ठरते. अमेरिकी नियमावलीने २००९ मध्ये हा वेग सेकंदाला ४ फुटांवरून ३.५ फुटांवर आणला. ६० फूट रुंद रस्त्यासाठी त्यामुळे १५ ऐवजी सुमारे १७ सेकंद मिळतात. काठी टेकत चालणाऱ्या वृद्धांचा वेग पुष्कळदा याहूनही कमी असतो.